सहा किलो कुठे गेले? पोटातल्या नळीवर वाढणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

नवी मुंबईतल्या घणसोलीत राहणारी ४ वर्षं २ महिन्यांची मुलगी ठाण्यात तपासणीला आली ती पोटावरच्या बटणाची, म्हणजे जठरात थेट आहार घालायच्या नळीच्या कातडीलगतच्या तोंडाची, तक्रार घेऊन. बटणाभोवतीची कातडी लाल झाली होती, एका बाजूला चिघळली होती आणि दूध घालताना थोडं बाहेर पाझरत होतं. आधी दोनदा जंतुसंसर्ग समजून मलम दिलं गेलं होतं. तेवढ्यापुरती लाली उतरायची, आठवड्याभरात परत यायची. वजनाबद्दल घरच्यांची काहीच तक्रार नव्हती. उलट १३ महिन्यांत ८.९ किलोवरून १५.२ किलो झालं, याचं कौतुक होतं.

हे प्रकरण कुणा एका मुलीचं नाही. अशा मुलांमध्ये वरचेवर दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडलं आहे. आकडे मात्र एकमेकांशी जुळणारे आहेत, गणितं कुणालाही करून बघता येतील.

पार्श्वभूमी

जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यातून सेरेब्रल पाल्सी. चारही हातपाय ताठ. हालचालींच्या पाच पायऱ्यांच्या वर्गीकरणात (जीएमएफसीएस) पाचवी पायरी, म्हणजे मान सावरत नाही, आधाराशिवाय बसता येत नाही. फिट्ससाठी व्हॅलप्रोएटचं सिरप सुरू. तीन वर्षांची होईपर्यंत तोंडाने भरवलं जात होतं. एकेका जेवणाला पाऊण ते एक तास लागायचा, ठसका रोजचा, वर्षात दोनदा न्यूमोनिया. ३ वर्षं १ महिन्याची असताना पोटात नळी बसवली (गॅस्ट्रोस्टोमी). त्या दिवशीचं वजन ८.९ किलो होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या आलेखावर या वयाच्या मुलींचं मध्यमान १४ किलोच्या आसपास आहे. ही मुलगी उणे ३ एसडीच्याही खाली होती (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, मध्यमानापासून मूल किती दूर आहे ते सांगणारं एकक). दंडाचा घेर १२.४ सेंमी, म्हणजे अंगणवाडीच्या रंगीत पट्टीवर पिवळ्यात.

नळीचा निर्णय योग्य होता, सुरुवातही नीट झाली. इतक्या कुपोषित मुलाला पहिल्या दिवसापासून भरपूर दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. म्हणून ठरलेल्या आहाराच्या साधारण निम्म्यावर सुरुवात, पहिले काही दिवस रक्ततपासणी आणि मग आठवड्याभरात पूर्ण आहार, असा क्रम होता. पूर्ण आहार म्हणजे १ मिलीत १ किलोकॅलरी या प्रमाणात कालवलेली लहान मुलांची पोषण पावडर, १४० मिली दिवसातून ५ वेळा, एकूण ७०० किलोकॅलरी. पहिल्या तीन महिन्यांत वजन १०.३ किलो झालं, दिवसाला सुमारे १५ ग्रॅमची वाढ. उपासमारीतून बाहेर येणाऱ्या मुलासाठी हा वेग चांगला आहे. ठसके थांबले, न्यूमोनिया पुन्हा झाला नाही, रात्रीची झोप लागू लागली. तिसऱ्या महिन्यात लांब नळी काढून कातडीलगत बसणारं बटण लावलं: १४ फ्रेंच जाडीचं (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं एकक), १.५ सेंमी दांड्याचं (दांडा म्हणजे पोटाच्या भिंतीतून आत जाणारा भाग).

गडबड इथून पुढची आहे.

तिसऱ्या महिन्यानंतर

१०.३ किलो हे वजन वयाच्या आलेखावर अजून उणे २ एसडीच्या खालीच होतं. म्हणून आहार वाढवून १७० मिली ५ वेळा, म्हणजे ८५० किलोकॅलरी केला गेला. सहाव्या महिन्यात वजन ११.८, नवव्यात १३.५. दर भेटीत वजनाचा ठिपका वर सरकत होता, त्यामुळे कुणालाच काही बदलावंसं वाटलं नाही. आठव्या महिन्यात बटण बदललं तेव्हाही जुन्याच मापाचं बसवलं. पोटाच्या भिंतीची जाडी पुन्हा मोजली नाही.

या सगळ्या काळात उंची कुणी मोजली नव्हती. मुलगी सरळ उभी राहत नाही, गुडघे आणि कंबर पूर्ण उलगडत नाहीत, त्यामुळे फळीवर झोपवून मोजायला गेलं की दरवेळी वेगळा आकडा येतो. मग तो रकाना रिकामाच राहतो, हे फार ठिकाणी घडतं. पण अशा मुलांची उंची गुडघ्यावरून काढता येते. मुलाला झोपवून किंवा मांडीवर बसवून गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात धरायचे, सरकत्या मापाची एक पट्टी टाचेखाली आणि दुसरी गुडघ्याच्या वर मांडीवर टेकवायची, आणि ०.१ सेंमीपर्यंत वाचायचं. तीनदा मोजून सरासरी घ्यायची. २ ते १२ वर्षांच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी १९९५ साली दिलेलं सूत्र असं:

उंची (सेंमी) = २.६९ × गुडघ्याची उंची + २४.२

घोटा काटकोनात येतच नसेल, तर नडगीची लांबी घ्यायची. गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या सांध्याच्या रेषेपासून आतल्या घोट्याच्या खालच्या कडेपर्यंत साध्या टेपने मोजायचं. त्याचं सूत्र ३.२६ × नडगी + ३०.८. एकदा जे माप निवडलं तेच पुढे ठेवायचं. आज गुडघा आणि पुढच्या वेळी नडगी असं केलं, तर न झालेली वाढ कागदावर दिसते.

नळी बसवताना शस्त्रक्रियेच्या नोंदीत गुडघ्याची उंची सुदैवाने लिहिलेली होती: २२.६ सेंमी. म्हणजे उंची ८५.० सेंमी. आता ती २४.६, म्हणजे उंची ९०.४. तेरा महिन्यांत ५.४ सेंमी. या वयाची निरोगी मुलगी वर्षाला ७ ते ७.५ सेंमी वाढते. सुरुवातीला हिची उंची उणे ३ एसडीच्या रेषेच्या किंचित वर होती, आता किंचित खाली आहे. वजन ७० टक्क्यांनी वाढलं आणि उंचीच्या आलेखावर मुलगी जिथल्या तिथे.

आता वजन आणि उंची एकत्र ठेवून बघू. सुरुवातीचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १२.३, खूपच कमी. सहाव्या महिन्यात उंची ८७.७ धरली, तर ११.८ किलोवर तो १५.३ येतो. हे या वयाचं मध्यमानच आहे. आज तो १८.६ आहे, अधिक २ एसडीच्या रेषेवर. फक्त वयाच्या आलेखावर मात्र १५.२ किलो हे वजन मध्यमानाच्या थोडं खाली, अगदी छान दिसतं. वयानुसार वजनाचा आलेख असं गृहीत धरतो की मुलाची उंचीही वयाला साजेशी आहे. ती नसेल तेव्हा तो आलेख मुलाला त्याच्या उंचीला न पेलणाऱ्या वजनाकडे ढकलत राहतो. आहार कमी करण्याची वेळ सहाव्या महिन्यातच, खरं तर त्याच्याही आधी आली होती. न चालणाऱ्या मुलात स्नायू कमी असतात, त्यामुळे उंचीच्या मानाने मध्यमानाच्या खालचं वजनही त्याला पुरेसं असतं.

दंडावरचा हिशेब

बीएमआय जास्त आहे एवढ्याने चरबी किती हे कळत नाही. पण दंडावर दोन मापं घेतली तर बरंच कळतं, आणि त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही.

खांद्याच्या टोकापासून कोपराच्या हाडापर्यंतचं अंतर कोपर काटकोनात ठेवून मोजायचं आणि मधोमध पेनाने खूण करायची. हात सैल सोडून खुणेवर टेपने घेर घ्यायचा. मग दंडाच्या मागच्या बाजूला खुणेच्या १ सेंमी वर अंगठा आणि तर्जनीने कातडी चरबीसकट चिमटीत धरून स्नायूपासून वेगळी उचलायची, खुणेवर या घडीला कॅलिपर (जाडी मोजणारा चिमटा) लावायचा आणि दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. तीन वेळा. ताठरपणा असलेल्या मुलांमध्ये हात घट्ट आवळलेला असताना चिमटीत स्नायूही येतो आणि आकडा फुगतो. त्यामुळे आधी मूल शांत होऊ द्यावं, शक्यतो कमी ताठ बाजूचा हात घ्यावा आणि दरवेळी एकाच व्यक्तीने मोजावं. प्लास्टिकचा स्वस्त कॅलिपर चालतो, पण दाब सारखा राहत नाही. तो वापरायचाच असेल, तर पुढेही तोच वापरावा.

दंड हा गोल आडवा छेद आहे असं समजून हिशेब होतो. घेरातून (३.१४ × घडीची जाडी सेंमीत) वजा करायची, उत्तराचा वर्ग करायचा, १२.५७ ने भागायचं. हे स्नायूंचं क्षेत्रफळ, यात हाडही धरलेलं आहे. नुसत्या घेराचा वर्ग १२.५७ ने भागला की संपूर्ण छेद. दोन्हींतला फरक म्हणजे चरबी.

सुरुवातीला घेर १२.४ सेंमी, घडी ५ मिमी. स्नायू ९.३ चौ. सेंमी, चरबी २.९.

तेरा महिन्यांनी घेर १६.६ सेंमी, घडी १६ मिमी. स्नायू १०.७ चौ. सेंमी, चरबी ११.३.

या वयाच्या मुलींमध्ये दंडामागच्या घडीचं मध्यमान ८ मिमीच्या आसपास असतं. इथे घडी त्याच्या दुप्पट होती. चरबीचं क्षेत्रफळ जवळजवळ चौपट, स्नायूंची वाढ जेमतेम सातव्या हिश्शाची. अंगणवाडीची पट्टी १६.६ सेंमीवर गडद हिरवा रंग दाखवते, कारण ती उपासमार शोधण्यासाठी बनवली आहे. त्या कामात ती उत्तम आहे. पट्टीच्या आत काय भरलंय हे तिला विचारू नये.

घडीच्या जाडीवरून शरीरातल्या चरबीची टक्केवारी काढणारी सूत्रं उपलब्ध आहेत. ती इथे मुद्दाम वापरली नाहीत. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र शाळकरी आणि किशोरवयीन मुलांवर बेतलेलं आहे. शिवाय सेरेब्रल पाल्सीमध्ये चरबी कातडीखालीच साठते असं नाही, पोटात आणि स्नायूंच्या मध्येही साठते, त्यामुळे मूळ सूत्र चरबी कमीच दाखवतं. विजेच्या सौम्य प्रवाहावर चालणारं चरबी मोजण्याचं यंत्र तर वाकलेल्या, पाणी कमी पडलेल्या मुलात सहज चकतं. डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी हाडं आणि चरबी मोजणारी तपासणी) यांत सर्वांत अचूक, पण त्यासाठी मूल काही मिनिटं निश्चल पडून राहायला हवं आणि अनेकदा गुंगीचं औषध द्यावं लागतं. पुढचा निर्णय बदलणार नसेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये. चार वर्षांच्या मुलीत एकाच जागची घडी दर तीन महिन्यांनी मोजत राहणं यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं.

युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांचंही सांगणं हेच आहे: अशा मुलांचं पोषण फक्त वजन-उंचीवर जोखू नका, चरबीचं माप घ्या. आणि जादा भरवण्याचा धोका त्याच्याही आधी दाखवला गेला होता. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २००६ साली पोटाच्या नळीवरच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची तपासणी केली, तेव्हा त्यांची खर्च होणारी ऊर्जा कमी आणि चरबी जास्त आढळली.

ऊर्जा कुठून आली

कागदावर ८५० किलोकॅलरी होत्या. घरी किती जात होत्या हे शोधायला आईला एका दिवसाची पावडर नेहमीच्या पद्धतीने मोजून एका डब्यात काढायला सांगितली आणि तो डबा वजनकाट्यावर ठेवला. ग्रॅमला सुमारे ४.७ किलोकॅलरी देणाऱ्या या पावडरीचे १८१ ग्रॅम हवे होते, निघाले २००. कारण साधं: डब्यातला चमचा सपाट भरायचा असतो, घरी तो शीग ठेवून भरला जात होता. पाणी मात्र तेवढंच. म्हणजे ९० किलोकॅलरी जादा, आणि दूध घट्ट.

त्याखेरीज सकाळ-संध्याकाळच्या दुधात आजी एक-एक चमचा साजूक तूप घालत होत्या. ५ ग्रॅम तूप म्हणजे ४५ किलोकॅलरी, दोन वेळचे ९०. एकूण १०३० च्या घरात.

यात लपवण्याचा हेतू नव्हता. विचारल्यावर आजींनी लगेच सांगितलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं, कारण वजन वाढत होतं. भेटीत “काय काय देता?” असा प्रश्न विचारला की लिहून दिलेला तक्ताच परत ऐकू येतो. “दुधात वरून काय घालता?” असं विचारलं की तूप, साखर, बदामाची पूड, खजुराचं पाणी हे सगळं बाहेर येतं.

आता एक गंमत बघा. न चालणाऱ्या मुलांसाठी सर्रास वापरलं जाणारं गणित उंचीवर चालतं: दर सेंमीला ११ किलोकॅलरी. ९०.४ सेंमीला ते ९९४ येतं. म्हणजे मुलगी जिथे जाड झाली, जवळपास तोच आकडा सूत्राने ‘योग्य’ ठरवला असता. दुसरी पद्धत विश्रांतीतली ऊर्जा काढून तिला स्नायूंच्या ताठरपणाने (१.१) आणि अंथरुणावरच्या हालचालीने (१.१) गुणते. ३ ते १० वर्षांच्या मुलींसाठी विश्रांतीतली ऊर्जा २२.५ × वजन + ४९९, म्हणजे १५.२ किलोला ८४१, आणि गुणाकारानंतर १०१८. तीही तिथेच पोचते, कारण ती सूत्रात घातलेल्या प्रत्येक किलोला काम करणारं शरीर समजते. चरबीचा किलो स्नायूच्या किलोपेक्षा फार कमी ऊर्जा वापरतो. सूत्र पहिला आकडा ठरवायला चांगलं. त्यानंतर मूल स्वतःच्या मापांतून काय सांगतंय ते ऐकावं लागतं.

तोंडाने जेवणारं मूल पोट भरलं की तोंड फिरवतं, घास बाहेर काढतं, ताट ढकलतं. नळीवरच्या मुलाला हे करता येत नाही. सिरिंजमध्ये १७० मिली ओतलं की १७० मिली आत जातं. त्यामुळे भूक वाढवणाऱ्या औषधांचा परिणामही इथे वेगळा असतो. व्हॅलप्रोएटने वजन वाढतं, पण हिच्याबाबतीत भुकेच्या वाटेने वाढण्याचा प्रश्न नव्हता, आहार तर दुसऱ्याच्या हातात होता. फिट्स आटोक्यात असल्यामुळे औषध बदललं नाही. उंची रेंगाळून वजन वाढतंय म्हणून थायरॉईड तपासलं, नॉर्मल आलं. सूज नव्हती. ड जीवनसत्त्व कमी होतं, १४ नॅनोग्रॅम प्रति मिली. फिट्सचं औषध आणि घरातच पडून राहणं, दोन्हींमुळे हे अपेक्षित होतं. त्याचे उपचार वेगळे सुरू केले.

बटण

बटणाचा दांडा १.५ सेंमी, पोटाची भिंत मापकाने मोजली तर २.० सेंमी. आतला फुगा आणि बाहेरची चकती या दोहोंमध्ये कातडी चिमटली जात होती. लाली जंतूंची नव्हती, दाबाची होती. असंच चालू राहिलं तर आतला फुगा जठराच्या भिंतीत रुततो आणि मग शस्त्रक्रियाही करावी लागू शकते. २.० सेंमीचं बटण बसवलं, फुग्यात ५ मिली निर्जंतुक पाणी भरलं (सलाईन नाही, त्याचे खडे होऊन झडप अडकू शकते). बटण सहज गोल फिरतं आणि चकतीखाली थोडी जागा राहते, याची खात्री केली. पाच दिवसांत कातडी कोरडी झाली, मलमाची गरज पडली नाही.

वजन १ किलोने जरी इकडेतिकडे झालं, तरी दांड्याचं माप पुन्हा घ्यावं.

आहार कमी करताना

‘दूध कमी करा’ एवढंच सांगून चालत नाही. पावडरीच्या प्रत्येक चमच्यात प्रथिनं, लोह, कॅल्शियम, जस्त सगळं असतं. ऊर्जा कापली की तेही कापलं जातं. शिवाय मुलगी लहान आहे. वजन झपाट्याने उतरवलं, तर चरबीबरोबर आधीच कमी असलेले स्नायूही जातील. म्हणून उद्दिष्ट ठरलं ते वजन थोपवण्याचं. उंची वाढत राहील, वजन तिथेच किंवा किंचित खाली.

पहिले दोन आठवडे तूप बंद आणि चमचा सपाट, म्हणजे आपोआप ८५०. चमच्याऐवजी घरात वजनकाटा आला. साधा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. त्यानंतर १५० मिली ५ वेळा, पावडर दिवसाला १६० ग्रॅम, सुमारे ७५० किलोकॅलरी. यातून प्रथिनं २२ ग्रॅमच्या आसपास मिळतात. उंचीला शोभेल असं वजन ११.५ ते १२ किलो धरलं, तर किलोला १.८ ग्रॅमहून जास्त, पुरेसं. जीवनसत्त्वं आणि खनिजं मात्र या पावडरीच्या साधारण १ लिटरमधून पूर्ण होतात. ७५० मिलीत चौथा हिस्सा कमी पडतो, तो थेंबांच्या स्वरूपात वेगळा दिला.

पाण्याचा हिशेब आधीही चुकलेला होता. पहिल्या १० किलोला १००० मिली आणि पुढच्या प्रत्येक किलोला ५० मिली या नेहमीच्या नियमाने तिला सुमारे १२६० मिली द्रव हवा. तयार दुधात ८५ टक्के पाणी धरलं, तर जुन्या आहारातून ७२० मिली आणि नळी धुण्याचे १०० मिली, एवढंच जात होतं. दुधाची घट्टी वेगळीच. चार-चार दिवस शौचाला न होणं याचं मोठं कारण हेच होतं, आणि त्यासाठी औषधाची मात्रा वाढवत नेली गेली होती. नव्या आहारातून ६४० मिली, त्यावर प्रत्येक वेळी १०० मिली पाणी आणि औषधांच्या आधी-नंतर १०-१० मिली, एकूण १२०० च्या पुढे. पाणी दुधाला लागून दिलं की पोट टंच होऊन ओकारी येते, म्हणून ते दोन वेळांच्या मध्ये दिलं. तीन आठवड्यांत शौच दिवसाआड होऊ लागलं.

घरचं अन्न पूर्ण बंद करण्याची गरज नव्हती. आजींचं मन त्यात होतं, आणि त्यात गैर काही नाही. दुपारच्या एका वेळेला पावडरीऐवजी पातळ खिचडी: तांदूळ १५ ग्रॅम, मूगडाळ १५ ग्रॅम, दुधी किंवा गाजर ३० ग्रॅम, तेल १ चमचा. मऊ शिजवून, मिक्सरमध्ये बारीक करून, गाळणीतून दोनदा काढून, पाण्याने १५० मिली करायची. साधारण १६० किलोकॅलरी होतात, म्हणजे तेवढीच. तेल मोजूनच, पण हवंच. अगदी बिनतेलाचं केलं तर आवश्यक स्निग्धाम्लं कमी पडतात. १४ फ्रेंचच्या बटणातून न गाळलेली खिचडी जात नाही, सिरिंज जोरात दाबली तर नळीचा जोड निसटतो आणि अन्न भिंतीवर उडतं. नवी मुंबईच्या दमट हवेत हे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

सर्वांत अवघड भाग स्वयंपाकघरातला नव्हता. “एवढी हाडांची काडी होती, आता कुठे बाळसं धरलंय, आणि तुम्ही मुद्दाम वजन थोपवायला सांगता?” हा आजींचा प्रश्न रास्त होता. त्यांना बीएमआय सांगून काही साधलं नसतं. कागदावर दंडाचे दोन गोल काढले, आधीचा आणि आताचा, आतला स्नायूचा आणि बाहेरचा चरबीचा, मापात. आतला गोल जवळजवळ तेवढाच, बाहेरचं कडं मात्र जाड. “म्हणजे नुसतं वरवर गेलं,” आजी म्हणाल्या. त्यानंतर तुपाचा प्रश्न उरला नाही.

आईची कारणं निराळी होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. घणसोलीहून ठाण्याच्या लोकलमध्ये मुलीला कडेवर घेऊन चढायचं. १५ किलोचं, मान न धरणारं, ताठ होणारं मूल उचलून तिची कंबर धरली होती. मुलगी रात्री घोरू लागली होती, उताणी झोपली की श्वास अडल्यासारखा व्हायचा. या गोष्टी कुणी विचारल्याशिवाय ती बोलली नव्हती, कारण वजन वाढल्याची तक्रार कशी करायची? महिन्याला ४०० ग्रॅमचे १५ डबे लागत होते ते १२ किंवा त्याहून कमी झाले, हेही तिच्या हिशेबात होतंच.

फिजिओथेरपीत उभं राहण्याच्या चौकटीत बांधून रोज उभं करणं सुरू केलं. याने कॅलरी फारशा जळत नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नये. हाडांवर भार पडावा आणि स्नायू वापरात राहावेत यासाठी ते आहे.

सहा महिन्यांनी

वजन १४.८ किलो. गुडघ्याची उंची २५.५, म्हणजे उंची ९२.८ सेंमी. बीएमआय १७.२. दंडाचा घेर १६.० सेंमी, घडी १२.५ मिमी. स्नायू ११.६ चौ. सेंमी, चरबी ८.८. आधीच्या तेरा महिन्यांत वजन ६.३ किलोने वाढूनही स्नायूंत जेवढी भर पडली, त्याच्या जवळपास दोन-तृतीयांश भर या सहा महिन्यांत वजन ४०० ग्रॅमने उतरूनही पडली. एवढ्या छोट्या आकड्यांत मोजमापाची चूकही मिसळलेली असते, त्यामुळे यावर फार मोठा निष्कर्ष काढू नये. दिशा मात्र हवी तीच आहे. घोरणं कमी झालं. बटणाचा दांडा अजून २.० सेंमीच आहे, भिंत आणखी पातळ झाली की १.७ चा लावावा लागेल. सैल दांडाही पाझरतो.

आहार ७५० वरच ठेवला आहे. वजन महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, पायाचे स्प्लिंट काढून. स्प्लिंट आणि जाड कपडे मिळून अर्ध्या किलोचा फरक सहज पाडतात. आईने मुलीला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, ही पद्धत चालते, पण दोन्ही वाचनं एकामागोमाग आणि एकाच काट्यावर हवीत. गुडघ्याची उंची, घेर आणि घडी दर तीन महिन्यांनी. बीएमआय १६ च्या खाली आला किंवा घडी ८ मिमीला टेकली की आहार ५० किलोकॅलरीने वाढवायचा. एका महिन्यात ३०० ग्रॅमपेक्षा जास्त वजन उतरलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता कळवायचं.

पावसाळ्यात जुलाब झाले, तर पावडर पातळ करायची नाही. दुधाच्या वेळा तशाच ठेवून मधल्या पाण्याच्या जागी ओआरएस द्यायचं आणि वारंवार, थोडं थोडं. आजार उलटल्यावर भरपाई म्हणून प्रत्येक वेळी २० मिली दूध जास्त चालेल, पण दोन आठवडेच. ती तारीख फ्रिजवर लावलेल्या तक्त्यावर लाल पेनाने लिहायची.